फ्यूज कुणाच्या खिशात

मी कुरुंद्यात घरी बसून कर्नेलचं काम करतो, म्हणजे संगणकाच्या अगदी बुडाशी चालणाऱ्या कोडचं. तिथं एकाच माहितीत दोन कामांनी एकदम हात घालू नये म्हणून लॉक असतं. ज्याच्याकडे लॉक, त्यानंच आत जायचं. फंक्शनला, म्हणजे कोडच्या एकेका तुकड्याला, नाव द्यायला मी इतका वेळ लावतो, की सोबतचे विचारतात, बारसं कधी आहे. विचारू देत.

परवा एक जुनं फंक्शन समोर आलं: ‘लॉक लागलंय का’. ते ‘हो’ म्हणालं, की पुढचा कोड बिनधास्त आत शिरत होता. पण लॉक कुणी लावलंय, हे ते सांगतच नव्हतं. वाचलं आणि मला काका आठवले.

आमच्याकडे शेतातल्या तारेला हात लावायचा, तर आधी डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, पेटीतला फ्यूज काढतात आणि काम संपेपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवतात. काही वर्षांपूर्वी एके दिवशी विहिरीजवळची तार जोडायला काका खांबावर चढणार होते. फ्यूज काढून आणायला त्यांनी काकूला पाठवलं. ती डीपीपाशी गेली, तर फ्यूज आधीच कुणीतरी काढलेला. ती रिकाम्या हातानं परत आली आणि म्हणाली, "लाईन बंद हाय." काका चढले. तिकडं त्याच लाईनीवरच्या शेजाऱ्याचं पाण्याच्या मोटारीचं काम आटोपलं. त्यानं आपल्या खिशातला फ्यूज जागेवर बसवला. काका तारेला चिकटले ते गेलेच.

त्या खांबाखालून अजून मला जाववत नाही. हळदीला पाणी द्यायचं, तरी मी लांबच्या बांधानं जातो.

मी त्या फंक्शनचं नाव बदललं: ‘लॉक कुणाकडे तरी आहे का’. शिवाय दुसरं लिहिलं: ‘लॉक माझ्याकडे आहे का’. आत जाण्याआधी आता हेच विचारायचं. सोबतच्या एकानं कळवलं, नावं फार लांबलीत, जुनंच बरं होतं. माझं डोकं फिरलं. लांब तर लांब, मी उलट लिहिलं.

काकू चहा घेऊन आली. "एवढं तावातावानं काय लिहून राहिला?"

मी सांगितलं, एक फंक्शन आहे. ते खोटं बोलत नाही, पण त्याच्यावर विसंबलं की घात होतो.

ती तिथंच बसली.

"मी बी खोटं न्हाई बोलले रे. लाईन बंदच व्हती."

"व्हय काकू. बंदच व्हती."

तिनं ते मला परत एकदा म्हणायला लावलं.