प्रकाशकाचा पत्ता

तिचा सगळा कारभार एकहाती होता. सकाळी दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नावं पुकारायची आणि दुपारी घरी येऊन राज्यं बुडवायची. जादूगार, उडते घोडे, शापित नद्या यांच्या कादंबऱ्या ती स्वतः लिही, स्वतः छापून घेई, जेवणाच्या टेबलावर पार्सलं बांधी आणि मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून वाचकांशी व्हिडिओवर बोले. एका मोठ्या प्रकाशकाने ‘शेवट बदला’ म्हटल्यावर ती हस्तलिखित उचलून घरी आली होती. माझ्या गोष्टीत दुसऱ्या कुणाची लुडबुड नको, एवढा एकच हट्ट. बाकी बाबतीत बाई गरीब गाय.

पुस्तकात प्रकाशकाचा पत्ता द्यावा लागतो. प्रकाशक तीच, म्हणून तिने राहत्या घराचा दिला, मजल्यासकट. नवरा तेव्हा म्हणालाही, “बेल कुठल्या हाताला आहे तेही छापायचं होतंस!” दोघं हसली होती.

कादंबरीमालिकेच्या दुसऱ्या भागात तिने म्हातारी नावाडीण मारली. बरेच वाचक रडले आणि तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला! एकाला मात्र ते सोसलं नाही. हा स्वतःला ‘सेनापती’ म्हणवणारा, तिच्या प्रत्येक व्हिडिओखाली कौतुक करणारा. त्याचा निरोप आला: “नावाडणीला परत आणा.” तिने उत्तरादाखल हसरा चेहरा पाठवला. मग दुसरा निरोप आला: “तुमच्या दारातली कुंडी सुकली आहे. पाणी घालत जा.”

तिने दार उघडून पाहिलं. कुंडी खरंच सुकली होती. ती उंबऱ्यातच खाली बसली. आत मुलगी गुणगुणत चित्र रंगवत होती.

चौकीतल्या हवालदाराने निरोप दोनदा वाचला. “यात धमकी कुठे आहे, बाई? पाणी घाला म्हणतोय, चांगलंच सांगतोय की.”

“अहो, पण तो दारापर्यंत येऊन गेलाय!”

“पत्ता कुणी दिला त्याला?”

तिने मुकाट्याने पुस्तक उघडून दाखवलं.

राक्षसांच्या फौजा कापून काढणारी ही बाई आता बेल वाजली की न्हाणीघरात जाऊन कडी लावे. मुलीला जिन्यात खेळायला बंदी झाली. माणूस म्हातारा की तरणा, जाडा की रोड, काहीच ठाऊक नाही, त्यामुळे दवाखान्यात कुणी ‘आ’ करून खुर्चीत बसलं तरी तिला वाटे, हाच तो.

“आण ना तिला परत,” नवरा म्हणाला. “कागदावरची बाई. मेली काय आणि जगली काय!”

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “म्हातारी जगल्याचं दुःख नाही गं, पण काळ सोकावतो.”

“मग मी काय करू, आई? पोरगी आहे घरात!”

सासूबाईंनी भाजीची पुढची जुडी ओढली.

तिसऱ्या भागात नावाडीण खोकत खोकत नदीतून वर आली. ते पान लिहिताना बाईला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने ते पुन्हा वाचलंसुद्धा नाही. वाचक मात्र बेहद्द खूश. काय कलाटणी, काय कल्पना! पुस्तक हातोहात खपलं. “माझं हे आधीपासूनच ठरलेलं होतं,” असं ती व्हिडिओवर गाल दुखेपर्यंत हसत सांगत राहिली.

त्याच व्हिडिओखाली सेनापतीने लिहिलं: “छान केलंत. चौथ्या भागात राजकन्येचं काय करायचं, ते विचार करून कळवतो. तोवर थांबा.”

राजकन्येची अर्धी गोष्ट लिहून झाली होती. ती कुठे जाणार, कुणाला नाकारणार, सारं बाईच्या मनात पक्कं होतं.

“काय म्हणतोय?” नवऱ्याने विचारलं.

“काही नाही.”

  तिने लॅपटॉप मिटला आणि सेनापतीच्या निरोपाची वाट बघत बसली.