विमानपट्टीच्या गेटसमोर

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आर्मी कॅम्पच्या गेटसमोर आहे. बाकावर गावातली चार माणसं टेकली की कॅम्पचे किस्से निघतातच. एक संपत नाही तर दुसरा तयार! आम्ही हसतो खरं, पण घरी जाताना डोकं तापलेलंच असतं.

मुळात ही विमानपट्टी. इंग्रजांनी जपानशी लढाई चालू असताना आमच्या गावच्या धानाच्या बांध्या सपाट करून बांधली. साहेब म्हणाला होता, "लढाई संपली की जमीन परत." इंग्रज गेले, विमानं गेली, जमीन काही आली नाही! पुढे पट्टी ओसाड पडली. आम्ही पोरं तिच्यावर सायकल शिकलो, बाया मोहफुलं वाळवायच्या. मग आर्मी आली आणि तारेचं कुंपण पडलं.

*

डोमाबुवांचं सगळं वावर पट्टीखाली गेलेलं. आर्मी आली तेव्हा ते हयात होते. नवा अधिकारी आला की म्हातारा काठी टेकत गेटवर हजर!

"साहेब, लढाई सरली का?"

एक अधिकारी पार गोंधळला. "कौनसी लढाई, बाबा?"

डोमाबुवा भडकले. "काऊन? किती होत्या? मले तं एकच सांगतली होती!"

*

माझ्या पुतणीची वरात गेटसमोरून चालली होती. भास्कर फोटोवाल्यानं हौसेनं ड्रोन उडवला. दोन मिनिटांत जवान धावत आले. ड्रोन उतरवला आणि जप्त!

भास्कर माझा मित्र, तोंडाचा फाटका. म्हणाला, "साहेब, माह्या जन्मात या पट्टीवर एक विमान नाई पाह्यलं. आज आमचं एक उडालं, तं तुमाले तेवढंच दिसलं!"

ड्रोन आजतागायत परत आलेला नाही.

*

गावची देवी मातामायही कुंपणाच्या आत राहिली. डोमाबुवांची लेक सरुबाई नारळ घेऊन गेटवर गेली. पहाऱ्यावर नवा जवान.

"किससे मिलना है?"

"मातामायले."

"कौनसी कंपनी में है?"

"कंपनी?" सरुबाईचा आवाज माझ्या दुकानापर्यंत आला. "तुमची कंपनी तिच्या वावरात आहे, बाप्पा!"

त्याला मराठी कळलं नाही. तिनं गेटच्या खांबावरच नारळ फोडला.

*

मागल्या साली कॅम्पवाल्यांनी पट्टीच्या इतिहासाचा मोठा बोर्ड गेटबाहेर लावला. उद्घाटनाला गावातलं सगळ्यात वयस्क माणूस हवं, म्हणून सरुबाईला जीपनं आणलं. खुर्ची दिली, हार घातला, फोटो काढले! दोरीही तिच्याच हाती. तिनं ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या.

सरुबाईला वाचता येत नाही. तिनं मला जवळ बोलावलं. "काय लिवलं आहे रे?"

मी वाचू लागलो. पहिलंच वाक्य होतं, 'पूर्वी येथे निर्जन जंगल होते.'

"निर्जन म्हंजे?"

"माणसं नसलेलं, बाई."

ती बोर्डाकडे बघत राहिली. "मंग मी कुठी जन्मली?"

माईकवर अधिकारी गावकऱ्यांचे आभार मानत होते.

सरुबाईनं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. बोर्डापाशी गेली आणि दोन्ही हातांनी पडदा पुन्हा ओढून घेतला.