तपासणीसाठी आणलेली आई

आमचं नर्सिंग कॉलेज आधी मंगल कार्यालय होतं. मूर्तिजापूरच्या रस्त्याला, शेताच्या कडेला. वर्गाच्या दारावर पांढऱ्या रंगाखालून ‘वधूपक्ष’ अजून वाचता यायचं, आणि ज्या हॉलला आम्ही वॉर्ड म्हणायचो तिथे कधीकाळी पंगती बसायच्या. हसायचं तर हसा. मी तिथे मन लावून शिकले आहे.

शिकवायला खरी एकच मॅडम होती. अकोल्याहून यायची, घसा बसेपर्यंत शिकवायची. पेशंट नव्हते, म्हणून आम्ही पोरी एकमेकींचेच दंड आवळून आवळून बीपी घ्यायला शिकलो. नर्सिंग कौन्सिलने कॉलेजला मान्यता नाकारली ती याच कारणाने. नर्सिंग कॉलेजला स्वतःचं चालतं हॉस्पिटल लागतं, आणि आमच्याकडे होत्या नुसत्या खाटा. संस्थेचे अध्यक्ष नागपूरला हायकोर्टात गेले. निकाल लागेपर्यंत पहिली बॅच भरा, असं कोर्टाने म्हटलं, आणि त्या बॅचमध्ये मी आले. प्रवेश ‘निकालाच्या अधीन’ होता. मला ते समजत नव्हतं अशातला भाग नाही. पण बारावीनंतर दुसरीकडे कुठे नंबर लागला नव्हता, आणि काकांनी तिवशाचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. कॉलेज टिकलं तर मी नर्स, नाही तर उन्हाळ्यात तिवशाला हळद. इतकं सरळ होतं ते.

बाबा रेल्वेत, लाइनवर. ते काकांपुढे बोलत नसत. बोलायची ती आई. बडनेऱ्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये काका चहा प्यायला बसले की आई म्हणायची, “पोट्टी शिकून राहिली ना भाऊजी, शिकू द्या.” बस. पुन्हा पोळ्या लाटायला लागायची.

मग कोर्टाने कौन्सिलला सांगितलं, पुन्हा एकदा जाऊन पाहा आणि आम्हाला कळवा. तारीख ठरली. अध्यक्षांनी आम्हाला हॉलमध्ये जमवलं आणि म्हणाले, “हे पाहा पोरींनो, कॉलेज तुमचं आहे. प्रत्येकीने घरून दोन-दोन माणसं आणायची. धडधाकट नको, जरा वयस्कर पाहा. खाटेवर पडायचं, दुसरं काहीच करायचं नाही.” शेजारच्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा कॉलेजातून त्या दिवसापुरत्या चार मॅडमही आमच्याच म्हणून दाखवायला येणार होत्या. आमची खरी मॅडम खिडकीबाहेर पाहत उभी राहिली. माझं डोकं फिरलं होतं, पण राग काढायचा कोणावर? तपासणीच्या वेळी सगळीकडे हेच चालतं, असं आम्हाला सांगत होते, आणि ते खोटं नव्हतं.

घरी सांगितलं तर आईला आनंद. “म्हंजे मी तुह्या दवाखान्यात येऊ?” मी बजावलं, “येशील, पण मले वळख द्यायची नाई. मले ‘सिस्टर’ म्हणायचं. आपलं नातं कोणाले कळलं तं मान्यता गेली, मान्यता गेली तं मी गेली तिवशाले. समजलं?” आईने मान डोलावली. मावशीलाही घ्यायचं ठरलं.

तपासणीच्या सकाळी आई निळी कोरी साडी नेसून, गजरा घालून तयार!

“अवं माय, दवाखान्यात पेशंट अशी जाते काय?”

“सायेब येणार हायेत म्हणे,” आई म्हणाली. “त्यांच्यापुढं चिंध्या नेसून पडू काय?”

गजरा तेवढा काढायला लावला.

हॉलमध्ये सगळ्यांच्या आया, आज्या, एकदोन सासरे. प्रत्येकाने डबा आणलेला. कोणाकडे भाकर-ठेचा, कोणाकडे कळण्याचे धपाटे. खाटेवर मांडी घालून गप्पा सुरू. अध्यक्ष ओरडून गेले तेव्हा कुठे आडवे झाले सगळे. सलाइनच्या बाटल्या लटकवल्या आणि नळ्या हातांना नुसत्या पट्टीने चिकटवल्या. मावशी तर पडल्या पडल्या घोरायला लागली. त्या अख्ख्या वॉर्डात तिच्याइतकं झ्याक काम कोणी केलं नाही.

तपासणीला दोन पुरुष होते आणि एक बाई. बाई वयस्कर, नर्सिंगमध्येच आयुष्य काढलेली, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. पुरुष अध्यक्षांच्या खोलीत बसून खोल्यांची मापं विचारत राहिले. बाई सरळ वॉर्डात आली. खाटांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. “तू. या पेशंटचं बीपी घे.”

पेशंट म्हणजे आई.

आईने हात पुढे केला आणि छताकडे पाहायला लागली, अगदी सांगितल्यासारखी. मी पट्टा बांधला, स्टेथो लावला, हवा भरून हळूहळू सोडली, आकडा सांगितला. बाईने स्वतः पुन्हा घेऊन पाहिलं. तोच आला. तिचा चेहरा जरा सैल झाला. “छान. हात हलका आहे तुझा,” ती म्हणाली, आणि मग आईकडे वळून सहज बोलली, “बाई, तुमची सिस्टर हुशार आहे हं.”

“हुशार असंल नाई तं काय!” आई ताडकन उठून बसली. “माहीच पोट्टी हाय ते!”

आईच्या हाताची पट्टी सुटून नळी लोंबत होती. दुसऱ्या क्षणी तिला कळलं आणि तिने पदर तोंडावर दाबला.

बाई रागावली नाही. “असं होय,” म्हणाली, आणि पुढच्या खाटेवरच्या बाईला विचारलं, “मग तुमची कोणती?”

आता खाटेवरच्या त्या बाईने तरी गप्प बसायचं ना! पण एकीच्याच पोरीचं कौतुक काहून, असं तिला वाटलं असावं. तिने बोट दाखवलं, “ते पाय ना मॅडम, लांब वेणीची. तेही लय चांगलं बीपी घेते.” मग तिसरी. मग चौथी. प्रत्येक खाटेवरून एकेक हात वर येत गेला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या आम्ही एकेकी ओळखल्या गेलो. मावशी तेवढी घोरत होती.

संध्याकाळपर्यंत खापर मात्र एकट्या आईवर फुटलं. एका पोरीचे वडील आमच्या दारात येऊन बोलले, “तुह्या मायनं आमच्या पोट्टीचं वाटोळं केलं.” मी बाहेर गेले आणि सुनावलं, “तुमच्या घरची तं नुसती बोलली नाई, बोटही दाखोलं! तिले इचारा पयले!” ते गेले. पण आई त्यानंतर बोलेना. रविवारी विहारात जायची, तेही बंद केलं, कारण लांब वेणीवालीची आई तिथे भेटायची. काका आले, चहा प्याले, म्हणाले, “आता झालं ना शिकणं?” आणि आई पोळ्या लाटत राहिली. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

नागपूरला तारीख लागली तेव्हा सगळ्या पोरी निघाल्या. आई म्हणाली, मीही येते. सकाळच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि वर्ध्यापर्यंत ओठ हलवत होती. मला वाटलं, वंदना म्हणत असेल.

कोर्टाच्या व्हरांड्यात संस्थेचे वकील उभे होते, हातात चहा. मी पाण्याची बाटली भरून आले तर आई त्यांच्यापुढे हात जोडून उभी. “सायेब, जज सायबाले सांगा,” ती म्हणत होती, “ते माही पोट्टी नाई. मी वळखतही नाई तिले. मी बह्याड बाई हाय, असंच बोलून गेली. मी शपथेवर सांगतो, ते माही नाई.”

वकील बिचारा गोंधळला. “अहो आई, आता त्याचा उपयोग नाही,” म्हणाला. आईने पुन्हा म्हणून दाखवलं, तेच शब्द, त्याच क्रमाने. तेव्हा मला कळलं गाडीत ती काय पाठ करत होती.

मी तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. “चूप! एकदम चूप! पुन्हा हे तोंडातून काढलं तं पाय!” मी रडत होते की ओरडत होते, मला सांगता येत नाही. आजूबाजूचे काळे कोट वळून पाहायला लागले. आई म्हणाली, “तुहं वर्ष वाचलं असतं व.”

आत सगळं चटकन आटोपलं. कौन्सिलच्या वकिलांनी अहवाल वाचला. आमच्या वकिलांनी विचारलं, विद्यार्थिनींचे नातेवाईक आजारी पडू शकत नाहीत काय? न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. “सगळ्यांचे? एकाच दिवशी?” मागे कोणीतरी हसलं. मान्यता नाकारली ती बरोबर, असा निकाल झाला. पण पोरींचा दोष नाही, त्यांना जवळच्या मान्यताप्राप्त कॉलेजांत सामावून घ्या, पहिलं वर्ष नव्याने करू द्या, असंही त्यात होतं. एक वर्ष गेलं. तिवसा मात्र टळलं.

मला अमरावतीचं कॉलेज मिळालं. मोठं हॉस्पिटल, खरे पेशंट, वॉर्डाबाहेर खरी माणसं चटया टाकून बसलेली. प्रवेशाच्या दिवशी आई सोबत आली. सगळीकडे माझ्या दोन पावलं मागे. खिडकीतल्या बाबूने माझे सगळे कागद तपासले आणि मान वर न करता विचारलं, “सोबत कोण आहे? या बाई कोण तुमच्या?”

आईने तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “सांगू काय?”

मीच सांगितलं. इतक्या मोठ्याने, की आतले सगळे बाबू माना वर करून पाहायला लागले.