चिऊचं भात

त्या मावशींचं नाव मी विचारलंच नाही. रविवारी आंबीकडं फिरायला गेलो होतो. रस्त्याकडेला भातलावणी चाललेली. आमची चार वर्षांची चिऊ नव्या फ्रॉकसकट चिखलात घुसली. मी किंचाळलेच.

लावणी करणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून हसल्या. "खेळू द्या की! चिखल काय चावतुय व्हय?"

त्यांनी चिऊला चार रोपं दिली. तिनं ती ओळ सोडून, बांधाला खेटून, वाकडीच खोवली. मावशींनी ती तशीच राहू दिली.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तर सगळं शेत कापून झालेलं. बांधालगत फक्त तो वाकडा झुबका उभा होता. चिऊला बघताच मावशी विळा घेऊन आल्या.

"कुटं होता? एवढ्यासाठी रोज पाखरं हाकतीय मी. लावलं तिनं, कापायचं बी तिनंच!"