इंटरकॉम वाजला

मुकुंदवाडीतल्या त्या नव्या सातमजली इमारतीत अजून एकही बिऱ्हाड आलं नव्हतं. पिशोर गावातली मेंढरं विकून तिथं वॉचमन झालेल्या अजिनाथला चार महिन्यांत बोलायला माणूस मिळालं नव्हतं. अन् आज चक्क गेटवरचा इंटरकॉम वाजला! हातातला चहा तसाच टाकून तो धावला आणि डोंगरापलीकडं हाळी द्यावी तसा ओरडला, "मी अजिनाथ, सखूबाईचा थोरला! बोला, पाव्हणं!"

"हळू, मामा! वरून वायरमन बोलतोय. लाईन चालू हाय का बघितलं, झालं."

वायरमन निघून गेला. अजिनाथच्या अंगात मात्र वारं शिरलं. धापा टाकत तो सातव्या मजल्यावर चढला अन् तिथल्या इंटरकॉमवरून गेटचं बटण दाबलं. रिकाम्या इमारतीत खालची घंटी वरपर्यंत खणाणली.

"आलो, आलो!" रिसीव्हर लोंबकळता टाकून अजिनाथ जिना उतरत सुटला.