भावजींची वाढलेली अवजारं

मोडण्यासाठीच जन्माला आलेल्या वस्तू बनवणारे या देशातले सगळे कारखाने आमच्या भावजींच्या जिवावर चालतात, असं माझं ठाम मत आहे. त्यांनी एक महिना काही मागवलं नाही, तर कुठल्यातरी दूरच्या शेडमधली मशिनं बंद पडतील आणि कामगार डबे घेऊन घरी जातील. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कर्जतला लागून दहिवली आहे, तिथे दोघांचं बसकं घर. तीस वर्षं ते खोपोलीच्या एका कारखान्यात होते, पण टाइम ऑफिसात. कोण किती वाजता आला आणि कोण किती वाजता गेला हे लिहायचं. मशिनांचा आवाज त्यांनी जन्मभर ऐकला, हात मात्र एकालाही लावायला मिळाला नाही. निवृत्त झाले आणि ती सगळी हौस घरावर उलटली.

मी खालापूरला झेरॉक्सचं आणि अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते. दिवसभर लोकांची घाई बघून माझा स्वभावच असा झालाय, की काम दिसलं की करून मोकळं व्हायचं आणि काळजी करत बसायचं नाही. या नियमाला दहिवलीचं घर हा एकच अपवाद. तिथे गेले की मी आधी वर बघते, मग बसते. कारण पंखा भावजींनी टांगलेला असतो. खुर्ची ओढली तर तिचे पाय मोजते. दारावरची घंटा दाबायचं तर मी केव्हाच सोडून दिलंय, सरळ हाक मारते.

हे सगळं सुरू झालं एका सूचीपत्रामुळे. स्वस्तात अवजारं घरपोच पाठवणारी कुठली तरी कंपनी आहे. तिचं रंगीत पुस्तक एकदा कोणा दुसऱ्याच्या पत्त्याऐवजी यांच्या घरी आलं. भावजींनी ते पोथीसारखं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, महत्त्वाच्या जागी खुणा केल्या आणि चौदा कामं करणारा एक पाना मागवला. तो चौदापैकी एकही काम करत नव्हता, पण दिसायला फार देखणा होता. तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलं. आता पुस्तक जाऊन फोन आलाय, बोट टेकवलं की पार्सल निघतं. त्यांच्या आळीत येणारे पोस्टमन जवळच्याच गावचे, निवृत्तीला आलेले. ते फाटकातूनच ओरडतात, "वयनी, घ्या! आज लय जड हाय. काकांनी ऐरण मागवली का काय?" ताई म्हणते, "मला नका विचारू, मी फक्त सही करते." त्यावर ते मला ऐकवतात, "आवो ताई, आमी कामाला लागलो तवा सायकल पुरत व्हती. तुमच्या काकांसाटी आता टेंपो लागंल."

पार्सल उघडण्याचा सोहळा बघण्यासारखा असतो. पहिल्यांदा माहितीपत्रक मोठ्याने वाचायचं. ते मराठीत असतं, पण कोणा माणसाने लिहिलं असेल असं वाटत नाही. "वापरण्यापूर्वी आपले बोट कृपया दुसरीकडे ठेवा." "हातोडी ओल्या मनाने वापरू नये." आम्ही हसतो, भावजी हसत नाहीत. "मुद्दा बरोबर आहे," म्हणतात, आणि बोट खरंच दुसरीकडे ठेवतात. मग मागच्या पडवीतल्या भिंतीवर खिळा ठोकायचा, अवजार टांगायचं आणि त्याच्या कडेने निळ्या पेन्सिलीने आकृती काढायची, म्हणजे काय कुठे ठेवायचं ते चुकायला नको. पण अवजारं जातात आणि आकृत्या राहतात. आज त्या भिंतीवर अवजारांपेक्षा आकृत्याच जास्त आहेत. चकलीसारखा पीळ पडलेला स्क्रू ड्रायव्हर, पहिल्याच लाकडावर दात टाकलेली करवत, दांड्यातून निसटून शेजाऱ्यांच्या वालाच्या मांडवात गेलेली कुऱ्हाड. त्या कुऱ्हाडीनंतर शेजारच्या काकू दोन दिवस डोक्यावर पातेलं धरून वाल तोडत होत्या, असं ताई सांगते. मला ते खोटं वाटत नाही.

आणि यातलं काहीही मोडलं असं म्हणायची त्या घरात परवानगी नाही. बांगडी फुटली तर आपण 'वाढली' म्हणतो, नारळही फोडत नाही, वाढवतो. भावजींनी तोच मान अवजारांना दिला. "करवत वाढली," म्हणतात. "पकड काल संध्याकाळी वाढली." मी एकदा तोंडावर बोलले, "अहो भावजी, पकड काय सवाष्ण आहे?" तर शांतपणे म्हणाले, "शोभा, वस्तू असो, माणूस असो. मोडलं म्हटलं की मोडतं."

याच शब्दाने गेल्या वर्षी आमचा घात केला.

दाखल्यांचे दिवस होते, दुकानात रांग लागलेली. भावजींचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. म्हणाले, "शोभा, ताईचं हाड वाढलंय. जमलं तर ये." आता हाड वाढणं म्हणजे टाचेचं, हे कोणीही सांगेल. आमच्या आईचंही वाढलं होतं. मी म्हटलं, "गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून ठेवायला सांगा, मी हातातलं उरकून येते," आणि पुढचे दीड तास बिनघोर अर्ज भरत बसले. मग स्कूटी काढली. दहिवलीला पोचते तो अंगणात माणसं जमलेली, दारात अॅम्ब्युलन्स, आणि आत खाटेवर पांढरीफटक पडलेली ताई. खुब्याचं हाड मोडलं होतं. बाथरूममध्ये पाय घसरून पडली होती. माझी बहीण आल्याशिवाय मी हलणार नाही, असा हट्ट धरून तेवढा वेळ कळा सोसत होती.

मला बघितल्यावर म्हणाली, "आलीस? मिठाचं पाणी आणलंस का?"

मी आयुष्यात कधी इतकी ओशाळले नव्हते. तोंडावर पाणी मारावं म्हणून बाथरूमकडे वळले तर खाली फरशीवर टॉवेल अडकवायची दांडी पडलेली दिसली. दोन्ही स्क्रूंसकट, भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्यांसकट उपटून आलेली. पडताना ताईने ती धरली होती. भावजींनी लावलेली दांडी. ते माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी दांडी उचलली आणि पडवीत नेऊन ठेवली.

पनवेलला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण बसून राहिल्या तर बसूनच राहतील. बाथरूममध्ये धरायला एक पक्का दांडा लावा आणि हळूहळू त्यांचं त्यांना करू द्या. घरी आल्यावर ताई वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जायची, ओट्यापर्यंत जायची. बाथरूमच्या उंबऱ्याशी मात्र थांबायची. तिथूनच मागे फिरायची. "पुसून घेते मी खाटेवरच," म्हणायची. एक आठवडा, दोन आठवडे, महिना झाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भीती बसली की चालणंही बंद होतं हं. लवकर काहीतरी करा." मला खालापुरात बसून नीट जेवण जाईना. आमची ताई म्हणजे आयुष्यभर पायावर उभी असलेली बाई. ती खाटेवरून ओल्या फडक्यासाठी हाक मारते, हे मला बघवत नव्हतं.

मी एक मिस्त्री ठरवला, जाड स्टीलचा दांडा विकत आणला आणि रविवारी घेऊन गेले. भावजींनी तो माझ्या हातातून घेतला. "मी लावणार."

"भावजी, पाया पडते तुमच्या. या वेळी नको."

"मीच लावणार."

मी ताईकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "लावू दे गं त्यांना. नाहीतर या घरात दोन माणसं खाटेवर पडतील."

चार दिवस ते काम चाललं. त्यांचं ड्रिल पाच मिनिटं फिरलं की असं तापायचं, की ते त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून पंख्याखाली ठेवायचे आणि समोर बसून राहायचे. मी दर तासाला दुकानातून फोन करायची. "झालं का?" "एक भोक झालं." "बिट आहेत ना पुरेशी?" "तिसरं मोडलं." मी फोन कानालाच धरून ठेवला. समोरचा माणूस झेरॉक्स मागत होता, मला ऐकू येत नव्हतं. मोडलं, असं म्हणाले होते ते.

पाचव्या दिवशी मी मिस्त्रीलाच सोबत घेऊन गेले, काम तपासायला. बाथरूममध्ये दांडा आडवा, अगदी सरळ लागला होता. मिस्त्रीने ठोकून बघितलं, मग कपाळाला आठ्या घालून पलीकडे स्वयंपाकघरात गेला. भावजींनी स्क्रू वापरलेच नव्हते. अख्खी भिंत आरपार भोसकून बोल्ट पलीकडे काढले होते, आणि स्वयंपाकघराच्या बाजूने, ताईच्या मसाल्याच्या फळीखाली, लोखंडी पट्ट्या लावून सहा मोठे नट आवळले होते. मिस्त्री कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "काका, दांडा लावला का रेल्वेचा पूल बांदला?"

"पडणार नाही ना?" मी विचारलं.

"दांडा नाय पडायचा, ताई. पडली तर भित पडंल."

झालं, आता मला भिंतीची काळजी लागली. मी दांड्याला धरून स्वतः लोंबकळले. माझं वजन किती हे इथे सांगायची गरज नाही, पण मिस्त्री दोन पावलं मागे सरकला. मग तो लोंबकळला. दांडा हूं की चूं करेना. हे सगळं ताई खाटेवरून ऐकत होती. "माकडांनो, झालं असेल तर सरका," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबऱ्याशी आली. वॉकर बाहेर ठेवला. "तू आत येऊ नकोस," मला म्हणाली, आणि हात लांब करून दांडा धरला. एक पाय आत, दुसरा आत. दार लोटलं. मी बाहेर कानात प्राण आणून उभी. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला.

भावजींना सांगावं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. दोन्ही तळहात त्या नटांवर टेकवलेले, डोळे मिटलेले. डॉक्टर नाडी बघतात तसे.

"काय करताय?"

"हळू बोल," ते म्हणाले. "आत्ता धरलं तिने."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं."

मी गॅसवरच्या दुधाकडे बघत राहिले. ते उतू जायला अजून वेळ होता.

आता ताई वॉकरशिवाय अंगणात फिरते. पोस्टमन अधूनमधून फाटकाशी रेंगाळतात, "काका रागावले का आमच्यावर?" विचारतात, आणि वीजबिल देऊन पुढे जातात. भावजी रोज सकाळी ताई बाथरूममध्ये शिरली की स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला हात लावून उभे राहतात. ताईला हे ठाऊक नाही, मीही सांगितलेलं नाही. न्हाऊन बाहेर आली की ती करवादते, "अजून चहा नाही टाकला? करत काय होतात इतका वेळ?"

"हात गुंतले होते," भावजी म्हणतात.

मी तिथे असते त्या दिवशी चहा मीच करून ठेवते.