एका हाताची गाठ

घरात कोणी गार पाण्यानं अंघोळ केली, तर मामांना तो स्वतःचा अपमान वाटे. उजाडायच्या आत शहाद्याच्या आमच्या अंगणात बंब पेटलेला असे आणि मामा दारात उभे राहून एकेकाला हाक मारत, "पानी तापनं शे, ऊठ." वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. जन्म वखारीत लाकडं फोडण्यात गेला. गल्लीतल्या बायका त्यांना 'बंबमामा' म्हणत, आणि ते ओ देत.

पक्षाघातात डावा हात गेला. तरी ओंडक्यावर पाय रोवून ते एका हातानं कुऱ्हाड चालवत. एकदा पातं नडगीला चाटून गेलं, तेव्हा मी म्हटलं, "मामा, गिझर बसवतो." त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी मामीला म्हणाले, "माले काम नही, ते मी या घरमा काय शे? पसारा." मग मी लाकूड फोडायचं विजेचं मशीन घ्यायचं ठरवलं.

निवडताना मी फार हुशारी केली. जोर किती टनांचा, संध्याकाळी विजेचा दाब कमी झाला की मोटार उचलेल का, बाभळीची गाठ फुटेल का, वायर किती जाड लागेल, सारखं मोबाईलवर हेच. मामांनी एकच विचारलं, "एक हातवरी चाली का?" मी मान वर न करता "चालेल" म्हटलं. पाहिलं नव्हतं.

मशीन आलं तेव्हा कळलं. एका हातानं बटण दाबून धरायचं, दुसऱ्यानं दांडी. एक जरी सुटलं तरी मशीन थांबतं. दोन्ही हात लाकूड फोडणाऱ्या पाचरीपासून लांब राहावेत म्हणून ती सोय. मी परत पाठवतो म्हणालो. मामा हसले. "ऱ्हाऊ दे, भाचा. एक हात तुन्हा, एक मन्हा. झाया ना मानूस पुरा."

काही दिवस तसं चाललं. रोज सकाळी आम्ही खांद्याला खांदा लावून उभे. माझ्या बटण दाबण्यालाही ते नावं ठेवत. "तुन्हा हात कागदना शे. कचेरीमाच शोभस." आजारानंतर त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मग माझी बदली धडगावला झाली. घाटातली जीप भल्या सकाळी भरून सुटायची. मी सारखं घड्याळ बघू लागलो, आणि मामा माझ्याकडे बघू लागले. एक दिवस जीप चुकली. दुसऱ्या सकाळी मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि बटण दाबलेलंच राहील अशी करकचून बांधली. चालू-बंद आता भिंतीवरच्या बटणावरून.

"आता तुम्ही एकटे करू शकता," मी म्हणालो.

ते पट्टीकडे बघत राहिले. "आते तू मोकया," एवढंच म्हणाले.

फोन आला तेव्हा मी कचेरीत चहा पीत होतो. बाभळीचा वाकडा ओंडका निसटत होता. दांडी गुडघ्यानं रेटत मामा उजव्या हातानं तो सावरायला गेले. हात आत सापडला, अंग ओढलं जाऊन गुडघा दांडीवरच रुतला, आणि भिंतीवरचं बटण बंद करायला दुसरा हात नव्हता. मामी चुलीपासून धावत येईपर्यंत मशीन चालूच राहिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पट्टी कोणी बांधली? मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "मीच बांधी." सगळे त्यांच्या हट्टाला बोल लावू लागले. मी उघडलेलं तोंड मिटलं.

त्यानंतर बंब पेटला नाही. गिझर आला. मी त्यांना अंघोळ घाली, घास भरवी. घास घेताना ते डोळे मिटून घेत. एकदा मी धीर करून म्हटलं, "मामा, ती पट्टी..."

"पानी चांगलं ऊन शे," ते म्हणाले. "घाल."

मागच्या थंडीत ते गेले. दारावर आलेली माणसं तेच बोलत होती, भलता हट्टी माणूस, ती ट्यूब आपलाच हातवरी बांधी. एका हातानं ट्यूबची गाठ कशी बसते, हे कोणी विचारलं नाही. मामीनंसुद्धा नाही. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून मी वाट बघत होतो, कोणीतरी विचारेल. कोणी विचारलं नाही, म्हणून आता आपणहून सांगतो. गाठ मी बांधली होती.